जॉर्जियातील मृत्युदंडाचा हिशेब

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या 1861 च्या दंडसंहितेत बलात्काराची शिक्षा दोन रंगांवरून ठरत होती: गुन्हेगाराच्या आणि पीडितेच्या. कृष्णवर्णीय पुरुषाने गोऱ्या स्त्रीवर बलात्कार केला तर मृत्युदंड ठरलेला होता. गोऱ्या स्त्रीवर हाच गुन्हा दुसऱ्या कोणी केला तर 2 ते 20 वर्षांचा कारावास होता. पीडिता कृष्णवर्णीय असेल तर दंड आणि कैद किती, हे न्यायालयाच्या मर्जीवर सोडलेले होते. यादवी युद्धानंतर, 1868 मध्ये, चौदाव्या घटनादुरुस्तीने प्रत्येकाला कायद्याचे समान संरक्षण दिले आणि असे उघड भेद करणारी कलमे संहितांमधून गेली. नव्या कायद्यांत रंगाचा उल्लेख नव्हता. पण देहदंड द्यायचा की कैद, हे ज्यूरीच्या विवेकावर सोपवलेले होते, आणि त्या विवेकाला कसलेही बंधन नव्हते.

लिखित कायद्यातून गेलेला भेद शिक्षेतूनही गेला का, हे एखाद्या खटल्याकडे पाहून कळणे शक्य नव्हते. ज्यूरी बंद खोलीत विचार करते आणि निर्णयाची कारणे देत नाही. कोणासाठी मृत्युदंड मागायचा आणि कोणाशी कबुलीजबाबाच्या बदल्यात तडजोड करायची, हे सरकारी वकील ठरवतो. त्याचीही कारणे कोठे नोंदली जात नाहीत. एकट्या खटल्यात प्रत्येक शिक्षेला काही ना काही समर्थन सापडतेच. शेकडो खटले शेजारी शेजारी मांडले तरच त्यांतला आकृतिबंध दिसू शकतो. हे काम विसाव्या शतकात समाजशास्त्रज्ञांनी हाती घेतले. गाय जॉन्सन यांनी 1941 मध्ये दक्षिणेतील खुनाच्या खटल्यांची मांडणी करताना आरोपी आणि मृत या दोघांच्याही वर्णाची नोंद घेतली. हॅरोल्ड गार्फिंकल यांनी 1949 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील खटल्यांवर तशीच टिपणी प्रसिद्ध केली. केवळ आरोपीचा वर्ण पाहून भागत नाही, कोणाचा जीव गेला हेही पाहावे लागते, ही पुढच्या सगळ्या संशोधनाला वळण देणारी दृष्टी या दोघांची आहे.

सर्वांत उघडा आकडा मात्र सरकारी नोंदींतच होता. 1930 नंतर अमेरिकेत बलात्काराच्या गुन्ह्यासाठी 455 पुरुषांना देहदंड दिला गेला. त्यांपैकी 405 कृष्णवर्णीय होते. या शिक्षा जवळपास सगळ्या दक्षिणेकडच्या आणि त्यांना लागून असलेल्या राज्यांत झाल्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी न्यायालयांत लढणाऱ्या लीगल डिफेन्स फंड या संस्थेच्या वकिलांना हे ठाऊक होते. पण न्यायालयात ‘405’ एवढेच सांगून चालणार नव्हते. कदाचित या पुरुषांचे गुन्हे अधिक क्रूर असतील, त्यांच्यावर आधीचे गुन्हे असतील, शस्त्र वापरले गेले असेल, असे उत्तर लगेच येणार होते. त्यामुळे संस्थेच्या वतीने अँथनी ॲम्स्टरडॅम यांनी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील गुन्हेशास्त्रज्ञ मार्विन वोल्फगँग यांना गाठले.

1965 च्या उन्हाळ्यात कायद्याचे विद्यार्थी दक्षिणेच्या गावोगावी पाठवले गेले. त्यांनी 1945 ते 1965 या काळातील बलात्काराच्या शिक्षांच्या फायली न्यायालयांच्या दप्तरखान्यांतून काढल्या आणि आरोपीचे वय, आधीचे गुन्हे, शस्त्र, इजा, घरात शिरून गुन्हा केला की काय, अशी माहिती ठराविक नमुन्यात भरून घेतली. नागरी हक्कांच्या चळवळीने वातावरण तापलेले असताना उत्तरेकडून आलेल्या तरुणांनी न्यायालयात बसून जुनी कागदपत्रे चाळणे हे सोपे काम नव्हते. मिळालेल्या माहितीत, ज्यांचा वर्ण आणि शिक्षा दोन्ही ज्ञात होते असे 1,265 आरोपी होते. कृष्णवर्णीय आरोपींपैकी 13 टक्क्यांना मृत्युदंड झाला होता, गोऱ्यांपैकी 2 टक्क्यांना. कृष्णवर्णीय आरोपी आणि गोरी पीडिता अशा खटल्यांत मात्र हे प्रमाण 36 टक्के होते. बाकी सर्व प्रकारच्या खटल्यांत मिळून 2 टक्के. वोल्फगँग यांनी गुन्ह्याचे इतर पैलू एकेक करून तपासले. त्यांतल्या एकानेही हा फरक समजावून सांगता येत नव्हता.

ही माहिती न्यायालयासमोर आली ती विल्यम मॅक्सवेल यांच्या खटल्यात. आर्कान्सातील हॉट स्प्रिंग्ज गावच्या या कृष्णवर्णीय तरुणाला गोऱ्या स्त्रीवरील बलात्कारासाठी 1962 मध्ये मृत्युदंड झाला होता. वोल्फगँग यांच्या साक्षीनुसार आर्कान्सात गोऱ्या स्त्रीवरील बलात्कारासाठी दोषी ठरलेल्या कृष्णवर्णीयाला देहदंड होण्याची शक्यता सुमारे 50 टक्के होती. स्वतःच्याच वर्णाच्या स्त्रीवर हा गुन्हा करणाऱ्यांच्या बाबतीत ती सुमारे 14 टक्के होती. आठव्या फेडरल अपील न्यायालयाने 1968 मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. निकालपत्र न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांचे होते. पाहणीत ज्या काउंटींचे खटले घेतले होते त्यांत मॅक्सवेल यांच्यावर खटला चाललेली गार्लंड काउंटी नव्हती, आणि दक्षिणेच्या जुन्या निकालांविषयी शंका निर्माण होत असली तरी याच ज्यूरीने याच आरोपीशी भेदभाव केला हे त्यातून सिद्ध होत नाही, असे त्यांनी लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये हा खटला ज्यूरीच्या निवडीसंबंधीच्या वेगळ्याच मुद्द्यावर परत पाठवला. त्याच वर्षाच्या शेवटी गव्हर्नर विन्थ्रॉप रॉकफेलर यांनी पायउतार होण्यापूर्वी राज्यातील सर्व मृत्युदंड रद्द केल्यामुळे मॅक्सवेल वाचले. आकड्यांचा प्रश्न अनिर्णित राहिला.

29 जून 1972 रोजी फर्मन विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्या वेळचे मृत्युदंडाचे कायदे घटनाबाह्य ठरवले. नऊही न्यायमूर्तींनी वेगवेगळी निकालपत्रे लिहिली. बहुमतातील बहुतेकांचा आक्षेप मनमानीला होता: सारख्याच गुन्ह्यांत एकाला मृत्यू आणि अनेकांना कैद, आणि निवडीला कसलाही दिसणारा आधार नाही. देशभरातील सहाशेहून अधिक कैद्यांचे मृत्युदंड एका दिवसात रद्द झाले. जॉर्जियाने लगेच नवा कायदा केला. दोष ठरवण्याची आणि शिक्षेची सुनावणी वेगळी झाली, गुन्ह्याला गंभीर बनवणाऱ्या दहा परिस्थिती कायद्यात लिहिल्या गेल्या आणि प्रत्येक मृत्युदंडाची राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने इतर खटल्यांशी तुलना करावी असे बंधन आले. 2 जुलै 1976 रोजी ग्रेग विरुद्ध जॉर्जिया खटल्यात हा कायदा टिकला. न्यायालयाने तो कागदावर वाचून स्वीकारला होता. तो व्यवहारात कसा चालतो हे पाहायला पुरेसे खटलेच तेव्हा झाले नव्हते. पुढच्याच वर्षी कोकर खटल्यात प्रौढ स्त्रीवरील बलात्कारासाठी मृत्युदंड घटनाबाह्य ठरला, आणि यापुढचा सारा वाद खुनाच्या खटल्यांपुरता उरला.

ग्रेग निकालातील आश्वासन खरे ठरते का, हे तपासण्याचे आयोवा विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक डेव्हिड बाल्डस यांनी ठरवले. भेदभाव संख्याशास्त्राने कसा सिद्ध करावा या विषयावर त्यांनी जेम्स कोल यांच्यासह 1980 मध्ये ग्रंथ लिहिला होता. त्यांच्यासोबत संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज वुडवर्थ आणि कायद्याचे अभ्यासक चार्ल्स पुलास्की होते. या तिघांनी जॉर्जियात दोन अभ्यास केले. पहिला खुनासाठी दोषी ठरलेल्यांचा होता. दुसरा, अधिक व्यापक, 1973 ते 1979 या काळातील खून आणि सदोष मनुष्यवधाच्या 2,484 खटल्यांचा. त्यांतून 1,066 खटल्यांचा नमुना निवडला गेला आणि मृत्युदंड झालेले खटले त्यात सामावून घेतले गेले. माहिती राज्याच्या पॅरोल मंडळाच्या, तुरुंग खात्याच्या आणि न्यायालयांच्या नोंदींतून घेतली होती. आरोपपत्र, तडजोड, दोषनिश्चिती आणि शिक्षा अशा प्रत्येक टप्प्यावर काय घडले याचा मागोवा असल्याने भेद ज्यूरीच्या खोलीत शिरतो की त्याआधीच सरकारी वकिलाच्या टेबलावर, हेही पाहता येत होते. वोल्फगँग यांच्या पाहणीत गुन्ह्याचे काही मोजके पैलू होते. येथे वर्णाशी संबंध नसलेले दोनशे तीसहून अधिक घटक नोंदले गेले.

साध्या बेरजा आधी पाहिल्या तर गोंधळायला होते. सर्व खटल्यांत मिळून कृष्णवर्णीय आरोपींपैकी 4 टक्क्यांना मृत्युदंड झाला, गोऱ्या आरोपींपैकी 7 टक्क्यांना. यावरून जॉर्जियात गोऱ्यांनाच अधिक कठोर वागणूक मिळते असे कोणी म्हणू शकला असता. पण खुनी आणि मृत बहुतेक वेळा एकाच समाजातले असतात. कृष्णवर्णीय आरोपींच्या खटल्यांत बहुसंख्य मृत कृष्णवर्णीयच होते, आणि मृत कृष्णवर्णीय असला की देहदंड क्वचितच होत होता. मृताच्या वर्णाप्रमाणे खटले वेगळे केल्यावर चित्र पालटले. मृत गोरा असेल तर 11 टक्के आरोपींना मृत्युदंड, मृत कृष्णवर्णीय असेल तर 1 टक्का. चार जोड्या मांडल्या तर कृष्णवर्णीय आरोपी आणि गोरा मृत यात 22 टक्के, गोरा आरोपी आणि गोरा मृत यात 8, गोरा आरोपी आणि कृष्णवर्णीय मृत यात 3, दोघेही कृष्णवर्णीय असतील तर 1. फ्लोरिडाच्या खटल्यांचा अभ्यास करताना मायकेल रॅडेलेट यांना 1981 मध्ये हेच आढळले होते. तेथे 160 गोऱ्या आरोपींपैकी 19 जणांना आणि 166 कृष्णवर्णीयांपैकी 17 जणांना मृत्युदंड झाला होता, म्हणजे एकत्र पाहता जवळजवळ बरोबरी. मृताचा वर्ण लक्षात घेताच दोन्ही गटांत कृष्णवर्णीय आरोपींचे प्रमाण वर गेले. एकत्रित सरासरी अन्याय कसा झाकते याचे हे उदाहरण आजही संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शिकवले जाते.

जॉर्जियातील सरकारी वकिलांचे आकडे यापेक्षा बोलके आहेत. आरोपी कृष्णवर्णीय आणि मृत गोरा असेल तेव्हा त्यांनी 70 टक्के खटल्यांत मृत्युदंड मागितला. दोघेही गोरे असतील तर 32 टक्के, गोरा आरोपी आणि कृष्णवर्णीय मृत असेल तर 19 टक्के, दोघेही कृष्णवर्णीय असतील तर 15 टक्के. म्हणजे ज्यूरी बसण्याआधीच बरीच चाळणी होऊन गेलेली होती.

तरीही या टक्केवारीने काही सिद्ध होत नाही, हे बाल्डस यांना पुरते माहीत होते. गोऱ्यांच्या खुनांत दरोड्याचे आणि अनोळखी माणसाने केलेल्या खुनांचे प्रमाण अधिक असेल, तर शिक्षाही अधिक होणारच. ही अडचण दूर करायला त्यांनी रिग्रेशन ही पद्धत वापरली. तिच्यात दरोडा, मृतांची संख्या, छळ, आरोपीचे पूर्वीचे गुन्हे, मृताशी असलेले नाते अशा प्रत्येक घटकाने शिक्षेवर किती परिणाम केला हे एकाच वेळी मोजले जाते, आणि हे सारे समान धरल्यावर वर्णाचा परिणाम उरतो का हे पाहिले जाते. 39 घटक समान धरणाऱ्या प्रमाणित गणितात मृताच्या वर्णासाठी उत्तर आले 4.3. मृत गोरा असण्याचा परिणाम दरोड्यासारख्या, कायद्यानेच गंभीर ठरवलेल्या घटकांच्या तोडीचा निघाला. आरोपीच्या वर्णाचा स्वतंत्र आकडा 1.1 एवढाच, म्हणजे नगण्य होता. जॉर्जियाची यंत्रणा सर्वांत जास्त भेद मृतांमध्ये करत होती. कोणाच्या जिवाची किंमत किती, याचा तो हिशेब होता.

या 4.3 आकड्याचा अर्थ वर्तमानपत्रांनी आणि पुढे न्यायालयानेही ‘मृत्युदंडाची शक्यता 4.3 पट’ असा घेतला. तो नेमका नाही. हा आकडा शिक्षा होण्याच्या न होण्याशी असलेल्या गुणोत्तराचा आहे. एखाद्या प्रकारच्या खुनात, मृत कृष्णवर्णीय असताना, शंभरांतून दहांना मृत्युदंड होत असेल तर हे गुणोत्तर 10 ला 90 आहे. ते 4.3 पट केले की 43 ला 90, म्हणजे शंभरांतून सुमारे बत्तीस. पण मुळात शंभरांतून एकालाच शिक्षा होत असेल तर प्रमाण चारच्या आसपास जाते, आणि नव्याण्णव जणांना होत असेल तर त्यात जवळजवळ काहीच भर पडत नाही. यातून एक साधी गोष्ट कळते. अत्यंत निर्घृण खुनांत मृत कोणीही असो, मृत्युदंड होतो. किरकोळ भांडणातून झालेल्या खुनांत तो होत नाही. वर्णाला वाव मिळतो तो मधल्या खटल्यांत, जिथे दोन्ही निर्णय शक्य असतात. जॉर्जियाच्या मधल्या गटात मृत कृष्णवर्णीय असताना 14.4 टक्के आणि मृत गोरा असताना 34.4 टक्के आरोपींना मृत्युदंड झाला होता.

वॉरेन मक्लेस्की यांचा खटला या मधल्या गटातला होता. 13 मे 1978 रोजी अटलांटातील डिक्सी फर्निचर स्टोअर या दुकानावर चौघांनी दरोडा घातला. मक्लेस्की समोरच्या दाराने आत शिरले, बाकी तिघे मागून. धोक्याच्या घंटेला प्रतिसाद देत आलेले 31 वर्षांचे गोरे पोलीस अधिकारी फ्रँक श्लॅट गोळ्या लागून मरण पावले. दरोड्यातील सहभाग मक्लेस्की यांनी पुढे मान्य केला, गोळी झाडल्याचे नाकारले. फुल्टन काउंटीच्या ज्यूरीत अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय होता. चौघांपैकी मृत्युदंड एकट्या मक्लेस्की यांना झाला. बाल्डस यांच्या नोंदींप्रमाणे 1973 ते 1979 या काळात या काउंटीत पोलिसाच्या हत्येसाठी 17 जणांवर आरोप ठेवले गेले होते. मृत्युदंड झालेले मक्लेस्की हे त्यांतले एकमेव. श्लॅट यांच्या कुटुंबाचे दुःख या आकड्यांनी हलके होत नाही. पण राज्याने एखाद्याचा जीव घ्यायचा, तर तोच का, हा प्रश्न त्यामुळे मागे सरत नाही.

लीगल डिफेन्स फंडच्या वकिलांनी बाल्डस यांचा अभ्यास मक्लेस्की यांच्या अर्जासोबत फेडरल न्यायालयात मांडला. ऑगस्ट 1983 मध्ये अटलांटात न्यायाधीश ओवेन फॉरेस्टर यांच्यासमोर साक्षी झाल्या. बाल्डस आणि वुडवर्थ यांनी आपली पद्धत तपशीलवार समजावली. राज्याच्या तज्ज्ञांनी माहितीतील त्रुटी पुढे आणल्या. काही बाबतींत दोन अभ्यासांतील नोंदी जुळत नव्हत्या, काही फायलींत एखादी गोष्ट घडली की नाही हे लिहिलेलेच नव्हते आणि अशा ठिकाणी ती घडली नाही असे धरले होते. 1 फेब्रुवारी 1984 रोजी फॉरेस्टर यांनी माहिती विश्वासार्ह नाही आणि ही पद्धतच हेतू सिद्ध करायला योग्य नाही, असा निकाल दिला. टीकेतला काही भाग रास्त होता. हजार खटल्यांच्या जुन्या फायली कधीच निर्दोष नसतात. मात्र या चुका सुधारून किंवा वेगळ्या रीतीने धरून केलेल्या गणितांतही मृताच्या वर्णाचा परिणाम नाहीसा होत नव्हता. अकराव्या अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1985 मध्ये 9 विरुद्ध 3 मतांनी मक्लेस्की यांच्याविरुद्ध निकाल दिला, पण वेगळ्या वाटेने. अभ्यास बरोबर आहे असे धरून चालू, तरीही तो पुरेसा नाही, असे त्याचे म्हणणे होते.

सर्वोच्च न्यायालयात 15 ऑक्टोबर 1986 रोजी युक्तिवाद झाला. मक्लेस्की यांच्या बाजूने जॉन चार्ल्स बोगर उभे होते. 22 एप्रिल 1987 रोजी निकाल लागला: 5 विरुद्ध 4, मक्लेस्की यांच्याविरुद्ध. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांचे होते. त्यांनीही अभ्यास संख्याशास्त्राच्या दृष्टीने योग्य आहे असे गृहीत धरले. पण समान संरक्षणाचा भंग दाखवायचा तर याच खटल्यातील निर्णयकर्त्यांनी हेतुपुरस्सर भेद केला हे सिद्ध करावे लागेल, असे त्यांनी ठरवले. नोकरीतील भेदभावाच्या आणि ज्यूरीच्या यादीच्या खटल्यांत न्यायालय आकडे मान्य करत होते. आदल्याच वर्षी एका नोकरीविषयक खटल्यात रिग्रेशनचा पुरावा ग्राह्य धरला गेला होता. पॉवेल यांच्या मते तेथे निर्णय घेणारा एक असतो आणि त्याला कारण विचारता येते. मृत्युदंडात प्रत्येक ज्यूरी निराळी असते, असंख्य गोष्टी तोलते आणि तिला साक्षीला बोलावता येत नाही. शिवाय हा युक्तिवाद मान्य केला तर तो मृत्युदंडापाशी थांबणार नाही, सर्व शिक्षांना आणि इतर सर्व गटांना लागू होईल, अशी भीती त्यांनी मांडली आणि असे पुरावे विधिमंडळांपुढे न्यावेत असे सुचवले.

अल्पमतातील न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी याच भीतीवर बोट ठेवले: न्याय प्रमाणाबाहेर मिळेल या धास्तीने न्याय नाकारला जातो आहे. आपल्याला मृत्यूची शिक्षा होण्याची शक्यता किती, असे मक्लेस्की यांनी आपल्या वकिलाला विचारले असते, तर प्रामाणिक उत्तरात मृताच्या रंगाचा उल्लेख करावाच लागला असता, हा त्यांचा मुद्दा होता. मधल्या गटातील आकड्यांवरून त्यांनी हिशेब मांडला की मक्लेस्की यांच्यासारख्या 34 जणांपैकी 20 जणांना, मृत कृष्णवर्णीय असता तर, मृत्युदंड झाला नसता. 1861 च्या संहितेची आठवणही त्यांनीच करून दिली. थरगूड मार्शल, जॉन पॉल स्टीव्हन्स आणि हॅरी ब्लॅकमन त्यांच्यासोबत होते. एकोणीस वर्षांपूर्वी मॅक्सवेल यांच्या आकड्यांना नकार देणारे ब्लॅकमन आता दुसऱ्या बाजूला आले होते आणि त्यांनी स्वतंत्र भिन्नमतही लिहिले.

या तीन निकालांचा क्रम महत्त्वाचा आहे. मॅक्सवेल खटल्यात आकडे अपुरे ठरले. फॉरेस्टर यांच्यासमोर आकडे भरपूर होते, तेव्हा ते सदोष ठरले. सर्वोच्च न्यायालयात ते बरोबर आहेत असे धरले गेले, तेव्हा ते गैरलागू ठरले. पुरावा सुधारत गेला तसा नकाराचा आधार बदलत गेला, नकार मात्र कायम राहिला. हे आडाखे नाहीत हे नंतर उघड झालेल्या कागदपत्रांनी दाखवले. मार्शल यांच्या निधनानंतर 1993 मध्ये त्यांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाली आणि त्यांत न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचे जानेवारी 1987 चे अंतर्गत टिपण सापडले. ज्यूरी आणि सरकारी वकील यांच्या निर्णयांवर वर्णासंबंधीच्या नकळत भावनांचा परिणाम होतो, तो खरा आहे आणि पुसता येण्यासारखा नाही, अशी कबुली त्यात होती. आपल्याला अधिक पुरावा हवा आहे असा आव आपण प्रामाणिकपणे आणू शकत नाही, असेही. तरीही त्यांनी बहुमतासोबत मत दिले, आणि हा विचार निकालात कोठेही छापला गेला नाही. पॉवेल यांनी संख्याशास्त्राचे, विशेषतः रिग्रेशनचे, आपले आकलन अगदी तोकडे असल्याचे खासगीत लिहिले होते. निवृत्तीनंतर, 1991 मध्ये, आपले कोणते मत बदलावेसे वाटते असे चरित्रकार जॉन जेफ्रीज यांनी विचारले तेव्हा त्यांनी मक्लेस्की खटल्याचे नाव घेतले. त्यांच्या एका मताने निकाल उलटा झाला असता.

मक्लेस्की यांना त्याचा उपयोग नव्हता. तुरुंगातील एका खबऱ्याने दिलेल्या साक्षीमागे पोलिसांचा हात होता, हे दाखवणारी कागदपत्रे 1987 मध्ये हाती लागल्यावर त्यांनी पुन्हा दाद मागितली. एप्रिल 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा आधीच मांडायला हवा होता या कारणावरून ती नाकारली. 25 सप्टेंबर 1991 रोजी जॉर्जियातील जॅक्सन येथे विजेच्या खुर्चीत त्यांना देहदंड देण्यात आला. 1994 मध्ये ब्लॅकमन यांनी आपण यापुढे कोणत्याही मृत्युदंडाला संमती देणार नाही असे जाहीर केले. वर्णभेद या शिक्षेतून काढता येत नाही, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते.

पॉवेल यांनी विधिमंडळांकडे बोट दाखवले होते, त्याप्रमाणे प्रश्न तिकडे गेला. संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने फेब्रुवारी 1990 मध्ये देशातील 28 अभ्यासांची छाननी केली. त्यांपैकी 82 टक्क्यांत मृताच्या वर्णाचा परिणाम आढळला होता. आकड्यांच्या आधारे मृत्युदंडाला आव्हान देऊ देणारी तरतूद 1994 मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केली, पण सिनेटच्या विरोधामुळे ती त्या वर्षीच्या गुन्हेविषयक कायद्यातून वगळली गेली. केंटकीने 1998 मध्ये मर्यादित स्वरूपाचा वांशिक न्याय कायदा केला.

नॉर्थ कॅरोलायनाचा 2009 चा कायदा अधिक धाडसी होता. त्याखालचा पहिला निकाल एप्रिल 2012 मध्ये न्यायाधीश ग्रेगरी वीक्स यांनी दिला. या वेळी केंद्रस्थानी ज्यूरीची निवड होती. मिशिगन स्टेट विद्यापीठातील कॅथरीन ग्रोसो आणि बार्बरा ओब्रायन यांनी राज्यातील 173 मृत्युदंडांच्या खटल्यांतील सात हजारांहून अधिक संभाव्य ज्यूरी सदस्यांची माहिती जमवली होती. पात्र ठरलेल्या कृष्णवर्णीयांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सरकारी वकिलांनी कारण न देता वगळले होते; इतरांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे एकचतुर्थांश होते. वीक्स यांनी त्या खटल्यातील आरोपीचा मृत्युदंड रद्द करून त्याला जन्मठेप दिली. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा मागे घेतला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवले की ज्यांनी आधीच अर्ज केले होते त्यांचा हक्क असा काढून घेता येणार नाही.

वॉशिंग्टन राज्यात 2018 मध्ये न्यायालयाने आकडे सरळ स्वीकारले. कॅथरीन बेकेट आणि हेदर इव्हान्स यांच्या अभ्यासात कृष्णवर्णीय आरोपींना मृत्युदंड होण्याचे प्रमाण साडेचार पटींच्या घरात निघाले होते. राज्याच्या आक्षेपांनंतर न्यायालयाने स्वतः नेमलेल्या आयुक्तामार्फत या गणिताची छाननी करून घेतली. मग 11 ऑक्टोबर रोजी, राज्याच्या घटनेच्या आधारे, मृत्युदंडाची तेथील पद्धत एकमताने रद्द केली. येथे परिणाम आरोपीच्या वर्णाचा होता, जॉर्जियासारखा मृताच्या वर्णाचा नव्हे.

बाल्डस 2011 मध्ये वारले. त्यांच्या जॉर्जियातील यादीचा पुढचा शोध स्कॉट फिलिप्स आणि जस्टिन मार्सो यांनी घेतला आणि तो 2020 मध्ये प्रसिद्ध केला. मृत्युदंड ठोठावल्यानंतर अपिले, दयेचे अर्ज आणि पुनर्सुनावण्यांच्या लांब प्रवासात आधीचा भेद कमी होत असेल, असे मानायला जागा होती. घडले उलटे. मृत गोरा असलेल्या 972 आरोपींपैकी 22 जणांना प्रत्यक्ष देहदंड दिला गेला होता. मृत कृष्णवर्णीय असलेल्या 1,503 पैकी दोघांना. प्रमाणातला फरक सतरा पटींचा होता.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने आपला वांशिक न्याय कायदा संमत केला आणि तो 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला. तो मृत्युदंडापुरता नाही, सर्व फौजदारी खटल्यांसाठी आहे. पॉवेल यांना ज्याची भीती वाटली होती तो विस्तार त्याने जाणूनबुजून स्वीकारला. त्याच्या प्रस्तावनेत मक्लेस्की निकालाचा नावाने उल्लेख करून तो नाकारला आहे, आणि हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध करण्याची अट काढून टाकली आहे. सारख्या परिस्थितीतील आरोपींना वर्णानुसार वेगळी शिक्षा होत असल्याचे आकड्यांतून दिसत असेल, तर तो पुरावा म्हणून मांडता येतो. अमेरिकेच्या राज्यघटनेचा अर्थ लावताना मात्र फेडरल न्यायालयांना 1987 चा निकाल अजूनही बंधनकारक आहे.